कॅपिबाराचं वर्गीकरण स्वतः पडताळायचं कसं? नावापासून नात्यापर्यंत, पायरीपायरीने

कॅपिबारा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, पाण्याशेजारी राहणारा, जगातला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी. त्याच्याबद्दल लेख लिहायचा असो, वर्गात शिकवायचं असो की प्रकल्पाची वही भरायची असो, वर्गीकरणाचा तक्ता कुठून तरी उतरवून घ्यावा लागतो. घोटाळा तिथेच सुरू होतो. एका पुस्तकात त्याचं कुल हायड्रोकोइरिडी, दुसऱ्यात केव्हिइडी. कुठे एकच जाती दिलेली, कुठे दोन. शास्त्रीय नावाचं स्पेलिंगसुद्धा दोन तऱ्हांचं. मग बहुतेक जण जो तक्ता आधी सापडला तो डोळे मिटून उतरवतात.

तसं करायची गरज नाही. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी पुरावा पाहून केलेलं विधान असतं: हा प्राणी अमक्यांचा नातेवाईक आहे. तो पुरावा कोणता, हे एकदा कळलं की दोन तक्ते वेगळे दिसले तरी का वेगळे आहेत ते सांगता येतं. मी ज्या क्रमाने ही पडताळणी करतो, तोच क्रम खाली देतो आहे.

आधी शब्दांचा निकाल लावा

मराठीत इथे एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. शालेय विज्ञानाच्या परिभाषेत क्रम असा आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हा जीनस आणि जाती ही स्पीशीज. पण बातम्यांत आणि रोजच्या बोलण्यात ‘दुर्मीळ प्रजाती’ म्हणताना आपल्याला स्पीशीज अभिप्रेत असते. दोन्ही वापर रूढ आहेत, भांडून उपयोग नाही. मात्र एका लेखात एकच अर्थ धरा आणि तो सुरुवातीलाच सांगून टाका. मी इथे शालेय परिभाषा पाळतो आहे: हायड्रोकोइरस ही प्रजाती, हायड्रोकोइरस हायड्रोकेरिस ही जाती.

पहिली पायरी: प्राणी नेमका कोणता?

हा प्राणी दक्षिण अमेरिकेत अनेक देशांत आढळतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळं नाव आहे. व्हेनेझुएलात चिग्विरे, कोलंबियात चिग्विरो, अर्जेंटिना आणि उरुग्वेत कार्पिंचो, पेरूत रोनसोको, ब्राझीलमध्ये कापिव्हारा. ‘कॅपिबारा’ हा शब्द मुळात तुपी भाषेतला, अर्थ साधारण ‘गवत खाणारा’. ही नावं टिपून ठेवा, कारण स्थानिक माहिती शोधताना तीच कामाला येतात. पण वर्गीकरणाचा पाया त्यांच्यावर रचता येत नाही. त्यासाठी शास्त्रीय नावच हवं.

दुसरी पायरी: नावाचा इतिहास उलगडा

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच.

शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलं की असं दिसतं: हायड्रोकोइरस हायड्रोकेरिस (लिनियस, १७६६). त्या कंसाकडे नीट बघा. तो शोभेसाठी नाही. प्राणिशास्त्रातला नियम असा आहे की लेखकाचं नाव आणि साल कंसात असेल, तर ती जाती मुळात वेगळ्या प्रजातीत टाकली गेली होती आणि नंतर हलवली गेली. कंस नसेल, तर आजही ती मूळच्याच प्रजातीत आहे.

मग स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी कॅपिबाराला कुठे टाकलं होतं? १७६६ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ या आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत त्यांनी सुरीनाममधल्या या प्राण्याला नाव दिलं सुस हायड्रोकेरिस. ‘सुस’ म्हणजे डुकराची प्रजाती! आणि ग्रीकमधून आलेल्या ‘हायड्रोकेरिस’चा अर्थ पाणडुक्कर. बोजड अंग, राठ विरळ केस, पाण्याशेजारी वस्ती, हे सगळं मिळून तो डुकरासारखा वाटला असेल. गिनीपिगच्या बाबतीतही असाच प्रकार दिसतो. लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याला उंदरांच्या ‘मुस’ प्रजातीत ठेवलं, पण जातीचं नाव दिलं ‘पोर्सेलस’, म्हणजे डुकराचं पिल्लू. कॅपिबारा आणि गिनीपिग खरोखरच एका कुळातले निघाले, पण त्याचा डुकराशी काडीचाही संबंध नव्हता.

आता प्रजातीचं नाव. हायड्रोकोइरस हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रिसाँ यांचं, १७६२ सालच्या त्यांच्या ग्रंथातलं. म्हणजे प्रजातीचं नाव जातीच्या नावापेक्षा चार वर्षांनी जुनं. ब्रिसाँ यांच्या त्या ग्रंथात दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत नेटाने पाळलेली नव्हती, त्यामुळे तो ग्रंथ नामकरणासाठी धरायचा की नाही यावर दीर्घकाळ मतभेद होते. अखेर १९९८ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निर्णय दिला: ग्रंथ नामकरणासाठी बाद, पण त्यातली सस्तन प्राण्यांची काही रुळलेली प्रजातीनामं तेवढी राखायची. हायड्रोकोइरस त्यांत होतं, टॅपिरस आणि जिराफाही होतं.

याचा प्रत्यक्ष उपयोग काय? या निर्णयाआधीच्या कितीतरी शोधनिबंधांत प्रजातीचं नाव ‘हायड्रोकेरिस’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे जातीच्या नावासारखंच, आणि कुलाचं नावही त्याच धर्तीवर. रोमन अक्षरांत पाहिलं तर आजच्या प्रजातीनामात ‘ओ’ आणि ‘ई’ ही अक्षरं शेजारी येतात, जातीनामात ‘ए’ आणि ‘ई’. हा फरक छपाईची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. जातीच्या नावाचं स्पेलिंग लिनियस यांनी लिहिलं तसंच ठेवायचं असतं, प्रजातीचं ब्रिसाँ यांनी लिहिलं तसं. जुनं साहित्य शोधताना मात्र दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा. नाहीतर अर्धं साहित्य हातातून निसटतं.

तिसरी पायरी: वरच्या ओळी

सृष्टी प्राणी, संघ कॉर्डेटा, वर्ग सस्तन. पाठीचा कणा आहे, अंगावर केस आहेत, मादी पिल्लांना दूध पाजते. इथे वाद नाही, पुढे चला.

चौथी पायरी: गण दातांवरून ठरवा

कॅपिबाराच्या कवटीचा बाजूने काढलेला एखादा चांगला फोटो मिळवा आणि तो समोर ठेवूनच पुढचं वाचा.

सगळ्यात पुढे वर एक आणि खाली एक अशी पटाशीच्या दातांची जोडी दिसेल. हे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कडक इनॅमलचा थर असतो आणि मागची बाजू त्यामानाने मऊ, त्यामुळे घासता घासता त्यांना छिन्नीसारखी धार येते. पटाशीच्या दातांमागे सुळे नाहीत, नुसती लांब मोकळी जागा. मग एकदम दाढा. एवढं जमलं की गण रोडेन्शिया, म्हणजे कृंतक.

सशाशी गल्लत होऊ नये म्हणून एक खूण लक्षात ठेवा. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक बारीक, खुंटीसारखी जोडी लपलेली असते. कृंतकांत ती नसते.

आता दाढा मोजा. प्रत्येक बाजूला वर चार, खाली चार. चार पटाशीचे दात धरून एकूण २०. वरच्या रांगेतली शेवटची दाढ पाहून मी पहिल्यांदा थबकलो होतो. ती एकटीच बाकीच्या तिघींच्या एकत्रित लांबीशी बरोबरी करते. तिचा माथा पाहिला तर आडव्या पातळ पट्ट्या एकामागे एक रचून ठेवल्यासारख्या दिसतात, जणू चकत्या करून पुन्हा जोडलेली वडी. दिवसभर गवत दळायचं तर असंच जातं हवं. या दाढेची खूण जपून ठेवा: एखादा जीवाश्म कॅपिबाराच्या घराण्यातला आहे का, हे पाहताना अशा पट्टीदार दाढांकडेच सगळ्यांची नजर जाते.

पाचवी पायरी: उपगण, डोळ्यापुढचं छिद्र आणि खालचा जबडा

कृंतकांच्या हजारो जाती आहेत, सस्तन प्राण्यांतला सगळ्यात मोठा गण तोच. त्यांची विभागणी करताना अभ्यासकांनी चावण्याच्या स्नायूंकडे पाहिलं, आणि ती नजर फार नेमकी ठरली.

कवटीवर डोळ्याच्या खोबणीच्या पुढे एक छिद्र असतं. शास्त्रीय नाव इन्फ्राऑर्बिटल फोरामेन. बीव्हरमध्ये किंवा खारीमध्ये ते बारीक असतं, फक्त नस आणि रक्तवाहिनी जाण्यापुरतं. कॅपिबारात ते एवढं मोठं असतं की अनोळखी माणूस त्यालाच डोळ्याची खोबण समजेल. कारण त्याच्यातून चावण्याच्या स्नायूचा एक अख्खा पदर आरपार जाऊन तोंडाच्या पुढच्या भागाला चिकटतो. ही रचना असलेला उपगण म्हणजे हिस्ट्रिकोमॉर्फा. साळिंदर याच उपगणातलं.

पण एका खुणेवर विसंबून राहू नका. वाळवंटात उड्या मारणाऱ्या जर्बोआलाही मोठं छिद्र असतं आणि तो या उपगणातला नाही. उलट आफ्रिकेतल्या मोलरॅटचं छिद्र लहान असूनही तो यांचाच भाऊबंद. म्हणून दुसरी खूण तपासा: खालचा जबडा. जबड्याचा मागचा कोपरा पटाशीच्या दाताच्या रेषेत असतो की त्या रेषेच्या बाहेरच्या अंगाने फुटतो? बाहेरून फुटत असेल तर तो प्राणी हिस्ट्रिकोग्नाथी या गटातला. कॅपिबारा दोन्ही कसोट्यांना उतरतो. दोन वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा विधान पक्कं होतं.

याच गटाची दक्षिण अमेरिकन शाखा म्हणजे केव्हिओमॉर्फा. गिनीपिग, चिंचिला, अगुती, पाका, अमेरिकेतली झाडांवर चढणारी साळिंदरं, सगळी हिच्यातली. यांचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत, उत्तर अमेरिकेत नाहीत, आणि हे कोडं बराच काळ छळत होतं. पेरूमधल्या कोंतामाना इथे या शाखेचे सुमारे ४ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचे दात सापडले. तेव्हा दक्षिण अमेरिका हे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं खंड होतं आणि अटलांटिक आजच्यापेक्षा अरुंद होता. वाहून जाणाऱ्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून यांचे पूर्वज आफ्रिकेहून पलीकडे पोहोचले असावेत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. मुठीत मावणाऱ्या त्या प्राण्यांच्या वंशात पुढे ३५ ते ६५ किलो वजनाचा, आज जगातला सर्वांत मोठा कृंतक निपजला. वर्गीकरणाच्या एका रुक्ष ओळीत एवढा प्रवास दडलेला आहे.

सहावी पायरी: कुल, जिथे तक्ते भांडतात

जुन्या पुस्तकांत कॅपिबाराला स्वतःचं वेगळं कुल दिलेलं असे: हायड्रोकोइरिडी. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. एवढा मोठा देह, पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटं, बोटांमध्ये थोडा पडदा, शेपूट जवळपास नाहीच, आणि ती विलक्षण दाढ. इतका वेगळा प्राणी गिनीपिगच्या पंगतीत कसा बसवायचा?

२००२ मध्ये रो आणि हनिकट या संशोधकांनी या गटाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशीकेंद्रातली आणि मायटोकॉन्ड्रियातली, दोन्हीकडची जनुकं त्यांनी ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की कॅपिबाराचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक केरोडॉन आहे. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या झुडपी प्रदेशात, खडकांच्या कपारींत राहणारा, जेमतेम किलोभर वजनाचा, पानांसाठी झाडावर चढणारा हा प्राणी. तिथले लोक त्याला मोको म्हणतात. एक पाण्यात डुंबणारा, दुसरा तापलेल्या दगडांवर धावणारा. दिसण्यावरून हे नातं कुणी जुळवलं असतं असं मला वाटत नाही.

या निष्कर्षाने कुल का बदललं, ते नीट समजून घ्या. आजचा दंडक असा की कुलात एक पूर्वज आणि त्याची सगळी संतती आली पाहिजे. जुन्या केव्हिइडी कुलात गिनीपिगची केव्हिया, तिच्या जवळच्या गेलिया आणि मायक्रोकेव्हिया, सशासारख्या लांब पायांच्या माराची डॉलिकोटिस, आणि केरोडॉन एवढ्या प्रजाती होत्या. आता केरोडॉन आत आणि त्याचा सख्खा भाऊ कॅपिबारा बाहेर, हे कसं चालेल? मारासुद्धा गिनीपिगपेक्षा याच दोघांना जवळचा निघाला. म्हणजे कॅपिबारा घरातल्या मधल्या खोलीत जन्मलेला, आणि आपण त्याचं नाव दुसऱ्या घराच्या पाटीवर लिहून ठेवलेलं.

उपाय दोनच होते. एकतर केव्हिइडीचे तुकडे करून माराला, केरोडॉनला वेगळं काढायचं, नाहीतर कॅपिबाराला आत घ्यायचं. सस्तन प्राण्यांच्या जागतिक जातिसूचीच्या २००५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दुसरा मार्ग धरला. कुल केव्हिइडी, आणि त्यात तीन उपकुलं: केव्हिइनी, डॉलिकोटिनी आणि हायड्रोकोइरिनी. शेवटच्या उपकुलात कॅपिबारा आणि केरोडॉन. मलाही हीच मांडणी पटते, कारण तिच्यात कॅपिबाराचं वेगळेपण उपकुलाच्या पातळीवर राहतं आणि नात्याची साखळीही तुटत नाही.

म्हणून हायड्रोकोइरिडी लिहिलेला तक्ता दिसला की त्याचं साल बघा. बहुधा तो या बदलाआधीचा असतो, किंवा आधीच्यावरून उतरवलेला. आणि एक लहानशी युक्ती: प्राण्यांच्या कुलाचं नाव ‘इडी’वर संपतं आणि उपकुलाचं ‘इनी’वर. हायड्रोकोइरिडी आणि हायड्रोकोइरिनी यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण अर्थात एका पायरीचा.

सातवी पायरी: जाती एक की दोन?

१९१२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गोल्डमन यांनी पूर्व पनामातून कॅपिबाराचं एक लहान रूप नोंदवलं, नाव दिलं हायड्रोकोइरस इस्थमिअस. इथे गोल्डमन, १९१२ हे कंसाशिवाय लिहायचं, कारण दुसऱ्या पायरीत पाहिलं तसं ही जाती अजून मूळच्याच प्रजातीत आहे. हा प्राणी पनामा, उत्तर कोलंबिया आणि वायव्य व्हेनेझुएलात राहतो.

अनेकांनी त्याला मोठ्या कॅपिबाराची उपजाती मानलं. वेगळी जाती मानणाऱ्यांचा भक्कम मुद्दा गुणसूत्रांचा आहे: मोठ्या कॅपिबारात ६६, या लहान्यात ६४. शिवाय कवटीत फरक आहे, आकार लहान आहे आणि दोघांच्या मुलखांमध्ये डोंगररांगा आहेत. २००५ च्या सूचीने दोन्ही जाती स्वतंत्र धरल्या. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीतही दोघांची नोंद वेगवेगळी होते, आणि ते महत्त्वाचं आहे. मोठ्याची गणना ‘कमी चिंतेच्या’ जातींत, तर लहान्याच्या पुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा. दोघांना एकत्र धरलं की मोठ्याच्या भरघोस संख्येखाली लहान्याबद्दलचं आपलं अज्ञान झाकलं जातं. तुम्ही एकच जाती मानणार असाल तरी लेखात हे रूप नावानिशी सांगा.

आठवी पायरी: तक्ता लिहा

सृष्टी: ॲनिमेलिया
संघ: कॉर्डेटा
वर्ग: मॅमेलिया
गण: रोडेन्शिया
उपगण: हिस्ट्रिकोमॉर्फा
शाखा: केव्हिओमॉर्फा
कुल: केव्हिइडी
उपकुल: हायड्रोकोइरिनी
प्रजाती: हायड्रोकोइरस ब्रिसाँ, १७६२
जाती: हायड्रोकोइरस हायड्रोकेरिस (लिनियस, १७६६)

रोमन लिपीत लिहिताना प्रजाती आणि जाती तिरप्या अक्षरांत, प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. कुल आणि त्यावरच्या पायऱ्या सरळ अक्षरांत. तक्त्याखाली कोणती सूची आणि कोणतं साल धरलं ते एका ओळीत लिहा. पुढे कुणी तुमचा तक्ता पडताळायला घेतला तर त्याचा निम्मा वेळ वाचेल.

हात बसवण्यासाठी: कॉयपू

व्हेनेझुएलात ईस्टरआधीच्या मांसवर्ज्य दिवसांतही चिग्विरे, म्हणजे कॅपिबारा, खाल्ला जातो, कारण तो पाण्यातला जीव. राहण्याच्या जागेवरून केलेली ही विभागणी लोकव्यवहारात चालते. वंशाच्या वर्गीकरणात मात्र ती हमखास फसवते, आणि ते बघायला कॉयपूसारखं उदाहरण नाही. हाही दक्षिण अमेरिकेतला, पाण्यात राहणारा, पायाच्या बोटांत पडदा असलेला कृंतक. पहिल्या नजरेत कुणीही त्याला कॅपिबाराचा धाकटा भाऊ म्हणेल. वरच्या पायऱ्या लावून बघा. पटाशीचे दात जुळतात, डोळ्यापुढचं मोठं छिद्र जुळतं, जबडा जुळतो, म्हणजे केव्हिओमॉर्फापर्यंत दोघे बरोबर येतात. त्यापुढे वाटा फुटतात. कॉयपूला लांब गोल शेपूट आहे, पटाशीचे दात गडद नारिंगी आहेत, दाढांत त्या पट्ट्यांची चळत नाही, आणि जनुकं त्याला काटेरी उंदरांच्या एकिमिइडी कुलात नेऊन बसवतात. पूर्वी त्यालाही स्वतःचं वेगळं कुल होतं, तेही आता त्यात विलीन झालं. पोहायला सोयीचे पाय दोघांना आपापल्या वाटेने मिळाले.

त्याचं पूर्ण नाव मायोकॅस्टर कॉयपस (मोलिना, १७८२). कंस आहे, म्हणजे मोलिना यांनी त्याला दुसऱ्याच प्रजातीत ठेवलं असणार. मूळ नाव शोधलं तर सापडतं मुस कॉयपस: चिलीतला उंदीर.